फ्रीजरातले यजमान

आपणच तोंड उघडावं आणि आपलाच संसार गदागदा हलावा, असं तुमचं कधी झालंय? माझं झालंय! कप खाली ठेवा आधी, नाहीतर ठसका लागेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझं नवीन लग्न झालेलं, सासर अवसरीचं. लग्नाआधी मी पुण्यात एका लॅबमध्ये होते. तिथे आम्ही माणसाच्या शरीरातली प्रथिनं बनवायचो, पण माणसाला हात न लावता! म्हणजे काय, तर प्रथिनाची कृती बारक्या जंतूंच्या पोटात घालायची, जंतू बिचारे मुकाट ते प्रथिन तयार करतात, मग आपण ते काढून घ्यायचं आणि संशोधनाला पाठवायचं. या राबणाऱ्या जंतूंना इंग्रजीत म्हणतात 'होस्ट'. शब्द लक्षात ठेवा, त्यानेच माझा घात केला.

लग्नाची रजा संपत आली आणि सासूबाई मला परत जाऊ देईनात. "मान्साचं काय काय काढतीस म्हनं! गावात सांगू तरी कसं?" शेवटी तोडगा निघाला. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला महिला मंडळापुढे मी माझं काम समजावून सांगायचं. बायांना पटलं, तर सोमवारपासून नोकरी. वर अट, "विंग्रजी झाडायचं न्हाई."

मग काय, मी पेटले! शब्दकोश घेऊन बसले आणि सगळं भाषण शुद्ध मराठीत केलं. 'होस्ट' म्हणजे? यजमान! काय शब्द सापडला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

देवळाच्या सभामंडपात शिरते तोच मंडळाच्या अध्यक्ष शांताकाकू म्हणाल्या, "यजमान न्हाई आलं संगं?"

"मागून न्यायला येतील," मी म्हटलं. आता इथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? छे! डोक्यात नुसतं भाषण.

उभी राहिले. "भगिनींनो, आमच्या प्रयोगशाळेचं सगळं काम यजमानांच्या जिवावर चालतं."

"आमच्यात उलटं हाय बाई!" मागून आवाज आला. हशा! मला वाटलं, रंगली सभा.

शांताकाकूंनी विचारलं, "पर यजमान किती म्हनायचे तुझ्याकडं?"

"एका बाटलीत? अहो, मोजता येत नाहीत!"

"आमचं मालक बी बाटलीतच असत्यात," कुणीतरी उसासा टाकला.

"त्यांना रात्रभर गदागदा हलवत ठेवावं लागतं. स्वस्थ बसू दिलं, तर नीट काम करत नाहीत."

"खरं हाय गं माय!" अर्धा सभामंडप एका सुरात. असा प्रतिसाद मला पुण्यातसुद्धा कधी मिळाला नव्हता. मी आणखी चढले.

"त्यांच्या अंगात पुरेसं प्रथिन भरलं, की त्यांना बर्फात बसवायचं आणि फोडायचं. हवं ते काढून घ्यायचं, उरलेलं वाफेवर उकडून टाकून द्यायचं."

"आगं बया! आन् मंग?"

"मग काय, दुसरे घ्यायचे. फ्रीजरमध्ये भरपूर असतात."

मग एक आजी हळूच म्हणाल्या, "मंचरच्या बाजारात मिळत्याल का गं?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावलेला. मला वाटलं, सुनेचं कौतुक ऐकून गहिवरल्या!

तेवढ्यात हे स्कूटर घेऊन आले. बायांनी यांच्याकडे असं बघितलं, की काय सांगू! शांताकाकूंनी यांच्या हातावर मूठभर तिळगूळ ठेवला. "खा रं बाबा. दुखत-बिखत न्हाई ना कुठं?" हे आपले गोंधळून कधी तिळगुळाकडे बघतायत, कधी माझ्याकडे.

घरी आल्यावर मी भीतभीतच विचारलं, "मग आई, सोमवारपासून जाऊ ना?"

"सोमवार कशाला? उद्याच्याला जा!"

मी हवेत! मराठीत सांगितलं की कसं काळजाला भिडतं, बघा! "म्हणजे माझं काम पटलं ना तुम्हाला?"

"पटायचं काय त्यात?" सासूबाईंनी यांच्या ताटात तुपाची आणखी एक धार सोडली. "तुजं हात तिकडंच गुतल्यालं बरं. घरी रिकामी बसलीस तर ह्याचं काय व्हईल? मला येकच लेक हाय बाई, तुज्यावानी फ्रीजर भरल्याला न्हाई!"