अण्णांचा नवा फोर्क

सायकलवाल्यांच्या ग्रुपात व्यायाम कमी होतो, किस्से मात्र साठत जातात. आम्ही बेंगळुरूच्या जे. पी. नगरचे चार-पाच मराठी लोक दर रविवारी सायकली गाडीवर टाकून देवनहळ्ळीच्या कच्च्या रस्त्यांवर जातो. सध्याचा सगळा साठा शिंदे अण्णांचा आहे.

अण्णा बँकेतून रिटायर झालेले, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. उतारावर पडून त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी शकू अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सायकल विकायला सांगितली. अण्णा म्हणाले की चूक सायकलची नाही, फोर्कची आहे. पुढचं चाक धरणाऱ्या त्या दोन पायांतला शॉकच जाम झालाय, सगळे धक्के हाताला बसतात. अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. फोर्क बदला. परत पडलात तर मी भंगारवाल्याला देणार, फोर्कसकट."

* * *

फोर्क ऑनलाइन मागवला आमच्या केतनने. हा पुण्याचा, आयटीतला. व्हिडिओ बघून सगळं येतं असं मानणारा. फोर्कची दांडी फ्रेममध्ये जाईचना. खाली जाड निघाली! केतनने गंभीरपणे सुचवलं, की आता फ्रेमच नवी घेऊ.

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "चप्पल बसंना म्हणून पाय बदलतात का रे?"

फोर्क परत गेला.

* * *

दुसरा बसला. अण्णांनी ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांचे अंगठे येऊन गेल्यावर कुणीतरी हळूच विचारलं, फोर्क उलटा लागलाय का?

केतनने उत्तर दिलं, "सेल्फी आहे. उलटंच दिसतं."

संध्याकाळी त्याने तो गुपचूप सुलटा केला.

* * *

मग हवा. या फोर्कमध्ये माणसाच्या वजनाप्रमाणे हवा भरतात. अण्णांनी सांगितलं, बहात्तर किलो. केतनने तेवढी भरली. अण्णा बसले आणि पुढची बाजू खाली गेली ती वर येईना. केतन म्हणाला, सील गळतंय, हाही परत पाठवू.

अक्का चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवत म्हणाल्या, "अवो, लग्नातलं वजन काय सांगता? नव्वद भरा."

नव्वदची भरली. फोर्क पाण्यासारखा चालायला लागला.

* * *

त्या शनिवारी ट्रायल. अक्का गेटपाशी हाताची घडी घालून उभ्या. अण्णा स्पीडब्रेकरवरून तीनदा गेले, एक हात सोडूनही दाखवला. अक्कांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी म्हणाल्या, "उतरा. मला बघू द्या."

कॉलेजनंतर त्या सायकलवर बसल्या नव्हत्या. पदर खोचला, चप्पल काढून अण्णांच्या हातात दिली. पहिला स्पीडब्रेकर भीत-भीत. दुसऱ्यावर ब्रेक नाही. कोपऱ्यावर वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. अण्णा चप्पल हातात धरून बराच वेळ उभे.

रविवारी देवनहळ्ळीच्या टपरीवर अण्णा कॅबने आले. रिकाम्या हाताने. आम्ही विचारलं, सायकल?

अण्णांनी चहा सांगितला, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिने सीट स्वल्प खाली करून घेतलीय."