हायरमचा घोडा

अमेरिकेतल्या कंबरलँड नदीच्या काठाला ओर्व्हल टिन्स्लीसारखा गडी दुसरा नाही. शाळा आठवीपर्यंतच, पण बोटीचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणार. धाकट्या बहिणीला, लॅव्हॉनला, मास्तरीण केली तीही त्यानंच, हे तो वाटेवरच्या माणसालाही थांबवून सांगायचा.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी टिन्स्लींचं सगळं खटलं घरच्या कबरस्तानात जमतं. थडगी घासायची, फुलं वाहायची, घरातल्या थोरल्यानं पूर्वजाची गोष्ट सांगायची, मग ओकच्या झाडाखाली जेवणं. तीस वर्षं ती गोष्ट ओर्व्हलची. यादवी युद्धाचा पहिला हिवाळा, डोनेल्सनचा किल्ला. सरदारांनी शरण जायचं ठरवलं, तसा खापरपणजा हायरम घोड्यावर बसला आणि बर्फगार पाण्यातून घोडदळासोबत निसटला! "टिन्स्लीनं कुणापुढं हात वर केले नाहीत!" असं म्हणून ओर्व्हल टोपी काढायचा, की टाळ्या.

यंदा लॅव्हॉननं त्या लढाईवरचं जाडजूड पुस्तक त्याच्या वर्कशॉपात आणून ठेवलं.

"दादा, हे वाच. निदान तारखा तरी बरोबर सांगशील."

"मला शिकवतेस? तुला अक्षरं कुणी शिकवली गं?"

"तूच. म्हणून तर शाळेत परत शिकावी लागली."

ओळीखाली बोट धरून तो तीन आठवडे वाचत होता. गोडी लागली त्याला. नकाशातला एक ओढा भलतीकडं काढलाय म्हणून त्यानं पेन्सिलीनं सरळही केला. आणि मग एका पानावर बोट थांबलं. त्या फौजेत घोडेस्वारानं घोडा स्वतःच्या घरून आणायचा असायचा.

घोडा? हायरमच्या घरी होता एक बैल. त्याचं जू अजून कोठारात टांगलेलं होतं. ओर्व्हलनं पुस्तकाच्या शेवटची सैनिकांची यादी काढली. पायदळ. टिन्स्ली, हायरम. शरण.

शनिवारी लॅव्हॉन आली तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुणाचं ऐकतोस? स्वतः उघडून बघितल्याशिवाय तुला कधी काही पटलंय?" "उद्या जुनीच सांगायची तर सांग. मी तोंड उघडणार नाही."

रविवारी ओर्व्हल उभा राहिला. घसा दोनदा खाकरला.

"हायरमकडं घोडा नव्हता."

"मेला काय वाटेत?" चुलतभाऊ क्लोव्हिस ओरडला.

"नव्हताच रे! बैल होता, तोही घरी." मग त्यानं सगळं सांगितलं. बर्फात, शेकोटीशिवाय, खंदकात काढलेल्या रात्री. शेवटच्या दिवशी या पायदळाच्या पोरांनी वेढा फोडून रस्ता मोकळा केला, अन् वरून हुकूम आला, माघारी फिरा. त्याच रात्री दोन बडे सेनापती बोटीत बसून पळाले. सकाळी बघतात तर आपल्याच तटावर पांढरं फडकं. "आणि हायरमनं हात वर केले."

टाळी नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच. ओर्व्हलचे कान लाल झाले. टोपी डोक्यावरच राहिली.

काठीवर हनुवटी टेकून बसलेली म्हातारी आयसीआत्या म्हणाली, "पुढं? सुटला का नाही?"

"सात महिन्यांनी."

"हात वर केले म्हणून सुटला. नाहीतर आज ही कोंबडी खायला कोण असतं?"

पहिल्यांदा क्लोव्हिस हसला, मग सगळेच. ओर्व्हलच्या छातीत हवा परत भरली.

"आणि लिहून घ्या," तो गरजला, "असं खरं सांगायची छाती या काठाला दुसऱ्या कुठल्या घरात नाही!"

"नाहीच रे दादा," लॅव्हॉननं ताट त्याच्या हातात दिलं. "आता खाली बस."