शिकराचा नवा चेहरा बघायला संभाजीनगरला

"ताई, गाडी तू चालवशील का? माझं लक्ष लागत नाही आजकाल," मंदार म्हणाला. मी हो म्हणाले आणि संभाजीनगरचं नक्की झालं.

मंदार माझा धाकटा भाऊ. एका मोटार कंपनीत गाडीचं बाहेरचं रूप ठरवणाऱ्यांपैकी एक. 'शिकरा' ही त्यांची दोन दारांची, बुटकी, सुसाट गाडी. जुन्या शिकराला गोल दिवे होते आणि त्या दिव्यांवर लोक जीव टाकायचे. नव्या शिकराचे दिवे पट्टीसारखे बारीक झाले. तो चेहरा मंदारनं काढला. फोटो बाहेर आले त्या दिवसापासून इंटरनेटवर त्याचा उद्धार सुरू झाला. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण शिव्या सगळ्या त्यालाच लागत होत्या. तेव्हापासून त्यानं पेन्सिल हातात धरली नव्हती.

संभाजीनगरच्या शिकरावाल्यांनी मेळावा ठेवला होता आणि तिथं नवी गाडी पहिल्यांदाच येणार होती. मंदारला ओळख न देता गर्दीत उभं राहून ऐकायचं होतं. "समोर बघूनही हसले तर हे काम सोडतो," असं तो आईला सांगून बसला होता. तुम्हाला आधीच सांगून टाकते, तो चेहरा मलाही आवडला नव्हता. त्याला सांगायची माझी छाती नव्हती.

पुण्याहून पहाटे निघा. शिरूर, अहिल्यानगर, नेवासा फाटा करत जेवायच्या आधी आरामात पोचता. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा आणि नाश्ता अहिल्यानगरच्या अलीकडेच उरका, पुढे भूक लागली की मनासारखं काही मिळत नाही. नेवासा फाटा सोडल्यावर मंदारनं विचारलं, "खरं सांग, तुला कशी वाटते?"

"थांब, समोर ट्रक आहे," मी म्हणाले. ट्रक कधीच पुढे गेला होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मुकुंदवाडी स्टेशनजवळ लॉज घेतला. खोली स्वच्छ, भाडं परवडणारं, फक्त रेल्वेच्या शिट्ट्यांनी झोपमोड होते. संध्याकाळी छावणीच्या बाजारात नान-खलिया खाल्ला. त्या मटणाच्या रश्श्याला नावं ठेवायला जागाच नाही. मंदारनं नानचे तुकडे केले आणि ताटात तसेच ठेवले. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मेळावा दौलताबाद रस्त्यावरच्या एका लग्नाच्या लॉनवर होता. सकाळी लवकर जा, रविवारी किल्ल्यापाशी वाहनं खोळंबतात. जुन्या शिकरा ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मागच्या काचेवर नाव: बिजली, शेवंता, राणी. इथं गाडी घेतली की नाव ठेवतात. नव्या गाडीवरचं कापड काढलं आणि एकही टाळी पडली नाही.

"दिवे कुठं गेले?" मागून कुणीतरी विचारलं.

देवगाव रंगारीचे दादाराव पुढे झाले. आल्याची मोठी शेती, पांढरी टोपी, लाल शेवंता त्यांची. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी नव्या गाडीचं तोंड न्याहाळलं. "ही गाडी हाय का झोपंतून उठवलेली म्हैस? डोळं तरी उघड म्हणावं तिला."

सगळे हसले. वाईट म्हणजे मीही हसले. मंदार माझ्याकडेच बघत होता.

दातांचे डॉक्टर असलेले देशपांडे मोबाइलवर चित्रण करत होते. "सूरत बिघाड दी यार. चांगल्या गाडीचं थोबाड सुजवलंय. ज्यानं काढलं त्याला आणा इथं, दात फुकट काढून देतो."

मी पर्समधून किल्ली काढून मुठीत धरली. तेवढ्यात दादाराव गाडीच्या मागे गेले आणि तिथून आवाज आला, "मागून मात्र लई देखणी हाय बरं का. हे कोण्या शाण्या माणसाचं काम दिसतंय."

"मागची बाजू माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीनं काढलीय," मंदार म्हणाला. "तोंड मी काढलंय."

देशपांड्यांनी मोबाइल खाली घेतला.

"वरून हुकूम आला आसंल," दादाराव म्हणाले. त्यांनी त्याला सुटायला वाटच करून दिली होती.

"नाही काका. वरचे तर म्हणत होते, गोल दिवेच ठेवा. मीच भांडलो."

"का बरं?"

"ते दुसऱ्याचे होते. मला माझे काढायचे होते."

दादारावांनी त्याचा दंड धरला. "ये हिकडं. बस खाली." त्याला गाडीसमोर उकिडवं बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. "भुवई लई जड केलीस तू. डोळा दबला तिच्याखाली. दोन बोटं वर घे की."

"वर घेतली तर बॉनेट फुगतं."

"फुगेना का," देशपांडे गवतावर आडवे होत म्हणाले, "जरा इथून बघा, ही सावलीच घात करते आहे."

मग ऊन चढेपर्यंत भांडण चाललं. आवाज चढले, मंदारचाही चढला. शेवटी त्यानं कुणाचं तरी पेन मागून नाश्त्याच्या कागदी डिशवर रेघ ओढली. ती सगळ्यांनी फिरवून फिरवून पाहिली, पण छान कुणीच म्हणालं नाही. निघताना दादाराव म्हणाले, "मला नाय आवडली, ते नायच. पण तोंड लपवलं नाय तू. पुढली काढशील तवा बोलाव."

परतताना कायगावच्या पुलावर मंदार म्हणाला, "तू हसलीस."

"हो."

"म्हणजे तुलाही..."

"नाही आवडली, मंदार. पहिल्या दिवसापासून नाही."

त्यानं काच खाली केली आणि पुण्यापर्यंत बाहेर बघत बसला. मध्ये मी चहाला थांबले, तो गाडीतून उतरला नाही.

सोमवारी तो कामावर गेला. आई सांगते, जेवायच्या टेबलावर कागद पसरून बसतो, ताट ठेवायला जागा नसते. दादारावांना दोनदा फोन झाला, देशपांड्यांशी वाद अजून चालूच आहे. माझ्याशी मात्र हो-नाही एवढंच. रविवारी जेवायला बोलावलंय, पुरणपोळी करणार आहे. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. त्या लोकांनी गाडीला म्हैस म्हटलेलं त्याला पचलं. ते परके होते, मी ताई आहे.