डाव्या पायाचा दम

पडदा उघडतो तो आखातातल्या मेसईदच्या कंपनी वसाहतीमागच्या वाळूवर. शुक्रवारची थंड सकाळ. मागे कारखान्याच्या चिमण्या, पुढे चुन्याने आखलेलं कबड्डीचं मैदान, आणि मधोमध सुदाम मोरे, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून उभा.

सुदाम कारखान्यात क्रेन चालवायचा. चाळिशी उलटली, तरी इथल्या मराठी मंडळींत चढाई म्हटलं की पहिलं नाव त्याचंच. गेल्या हिवाळ्यात गुडघा दुखावला. आता बिरकतच्या कामगार वसाहतीच्या संघाशी करंडकाचा सामना ठरला होता, एक जागा रिकामी होती, आणि ती कुणाला द्यायची हे प्रताप साठ्यांनी आजच सांगायचं होतं. प्रताप त्याच कारखान्यात इंजिनीअर, पुण्यात असताना कबड्डीचे पंच, इथे संघ तेच निवडत. सुदाम खेळला तर जिंकायची आशा होती. पण गुडघा पुन्हा गेला, तर क्रेनची उंच शिडी त्याला चढता येणार नव्हती. आणि क्रेन सुटली की नोकरी खलास, थेट घरचं विमान.

प्रतापनी त्याला एक चढाई करायला सांगितली. सगळे गुडघ्याकडे टक लावून बसले. प्रताप मात्र पाठ फिरवून, नुसता कान देऊन उभे राहिले.

"साहेबांनी रेडिओ लावलाय," संघातला तरुण मयूर कुजबुजला. पोरं हसली.

सुदाम दम घुमवत आत शिरला, दोन गडी टिपून परतला. टाळ्या पडल्या. पण पंचाच्या कानाने वेगळंच ऐकलं होतं. डावा पाय टेकला की 'कबड्डी'तलं एक अक्षर गिळलं जात होतं, आणि परतताना ते लपवायला सुदामने आवाज चढवला होता.

प्रतापनी त्याला बाजूला घेतलं.

"दुखतंय तुला."

"दादा, शेवटचा सामना आहे माझा. गुडघा माझा, जाईना का."

"गुडघा तुझा, पण शिडी कंपनीची. मी तुला घेत नाही, सुदाम. मयूर खेळेल."

सुदाम हसला, ते हसू काही चांगलं नव्हतं. मयूरला तीन गडी दिसले की घरची वाट आठवत नाही, म्हणाला. आपणच करंडक हातचा घालवला, हे प्रतापना कळत होतं.

सुदामने पट्टा सोडला, खांद्यावर टाकला आणि लंगडणं न लपवता बसथांब्याकडे निघाला. थोडं जाऊन थांबला.

"मयूरला सांगा, बिरकतचा तो डाव्या कोपऱ्यातला गडी घोटा धरतो. त्याच्या डोळ्यांकडे बघू नको म्हणावं, हातांकडे बघ."