किरीहामीच्या छपरावरची दालचिनी

किरीहामी दालचिनी सोलणाऱ्यांच्या जातीतली. पण वयात आली तशी एका कोळ्याचा हात धरून निघून गेली. त्या दिवसापासून धाकट्या भावानं, जुवानिसनं, बोलणं टाकलं. बेंतोटा गावच्या बाजारात ती समोर दिसली की तो वाट बदलायचा. पुढे तिचा नवरा समुद्रानं नेला, मुलगा मोठा झाला, सून आली. भावाचा अबोला तसाच.

तिच्या झोपडीमागे दालचिनीचं झाड होतं. पाखरानं टाकलेल्या बीचं. अंगण तिचं, पण झाड वलंदेजांचं, म्हणजे डच सरकारचं. अख्ख्या किनाऱ्यावरची दालचिनी त्यांचीच. परवाना असलेल्या सोलकऱ्याखेरीज कुणी फांदी तोडली, तर पायात साखळदंड, नाहीतर गळ्यात फास. किरीहामी त्या झाडावर लुगडंसुद्धा वाळत घालत नसे.

एके दुपारी वादळात तेच झाड छपरावर आडवं झालं. आत सून होती, दिंगिरी, सातव्या महिन्याची. मुलगा होडी घेऊन समुद्रात. दिंगिरीच्या मांड्यांवर आढं पडलं होतं आणि आढ्यावर खोड. सहा गड्यांनी खांदा लावला, खोड तसूभर हललं नाही.

"तोडा रे!" किरीहामी ओरडली.

सगळे दोन पावलं मागे सरले.

"गॉलच्या वलंदेजी किल्ल्यात माणूस धाडू," शेजारचा अबरन म्हणाला. "परवानगी आणू."

"तो परवा परतेल. तोवर ही टिकेल?"

आतून दिंगिरीचा आवाज आला, "अम्मे, पाय कळेनात मला."

किरीहामीनं नवऱ्याची होडी कोरायची कुऱ्हाड काढली. ती घाव घालत राहिली आणि लोक एकेक करून पांगले. बघितलं नाही म्हणजे साक्ष नको. खोड तुटलं तेव्हा दिंगिरीला ओढून काढायला एकटा अबरन उरला होता.

दिवस मावळायच्या आत जुवानिस कुंपणापाशी येऊन उभा राहिला. हातात सोलायचा कोयता, कमरेला सोलकऱ्याचा परवाना.

"कुणी तोडलं?"

"दिसतंय ना तुला."

"मी तोडलं. कळलं?"

"जुवानिस, तुला बायकापोरं आहेत."

"अक्का, जन्मात एकदा तरी माझं ऐक."

तो खाली बसून खोडाची साल सोलायला लागला, सोलकऱ्यानं रीतसर काढलेली दिसावी म्हणून. तीही बसली. बापानं शिकवलेलं हात विसरले नव्हते.

सकाळी दालचिनीच्या फेरीवर निघालेला वलंदेज साहेब आला, बरोबर दुभाषा मुदलियार. साहेबानं खोडावरून बोटं फिरवली.

"साहेब विचारतात," मुदलियार म्हणाला, "सोलकरी कुऱ्हाड कधीपासून चालवायला लागले?"

"कोयत्यानं खोड तुटेना."

"आणि घाव असे वेडेवाकडे? वीस वर्षं सोलतोस ना?"

"आत बाई अडकली होती. हात कापत होते."

साहेबाची नजर किरीहामीकडे वळली. तिनं हात ओच्यात घेतले होते.

"हात दाखव."

तिनं तळवे उघडले. फोड फुटून लाल झाले होते. "मीच..." तिनं तोंड उघडलं.

"हिच्या डोक्यावर काल छप्पर पडलंय!" जुवानिस खेकसला. "हिचं काय ऐकता?"

मुदलियार साहेबाकडे वळून बराच वेळ वलंदेजी भाषेत बोलला. साहेबानं सालीची एक नळी उचलली, वास घेतला, मोडून पाहिली. मग निकाल दिला: साल जप्त, आणि हुकमावाचून कुऱ्हाड लावली म्हणून जुवानिसला पंचवीस फटके.

फटके तिथंच, तिच्या अंगणात बसले. ती आत गेली नाही. शेवटचा फटका पडेपर्यंत भावाकडे बघत उभी राहिली.

पंधरा दिवस ती त्याच्या पाठीला खोबरेल लावायला जात होती. "हळू लाव, कोळीण," तो कण्हत म्हणायचा. "मासा नाही मी." दिवस भरल्यावर दिंगिरीला मुलगी झाली, धडधाकट, पण ती स्वतः कायमची लंगडली. बारशाला जुवानिस कोळ्याच्या घरी पहिल्यांदा जेवला.

मुदलियार त्या दिवशी साहेबाला काय म्हणाला, हे मात्र किरीहामीला मरेपर्यंत कळलं नाही. विचारायची तिची हिंमतच झाली नाही.