लग्नचौकाची भिंत

मालिकेतल्या नायकाने नायिकेला ज्या बाकावर मागणी घातली, तो बाक जव्हारच्या सनसेट पॉइंटवर नाही. चित्रीकरणवाल्यांनी तो टेम्पोतून आणला होता आणि काम संपल्यावर टेम्पोतूनच परत नेला. हे मी दर शनिवारी पंधरा-वीस माणसांना सांगतो. त्यांतला एक तरी जण माझ्याकडे असा बघतो, जणू बाक मीच घरी नेऊन ठेवला आहे.

मी निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवला, आधी मोखाड्याकडे आणि मग जव्हारला. मालिका संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, ठाण्याची एक तिशीतली मुलगी माझ्याकडे आली. मालिकेतल्या जागांवरून तिने 'प्रेमवाट' नावाची दोन तासांची पायी सहल आखली होती. राजवाड्याचं फाटक, नायिका छत्री विसरते तो पाचबत्ती नाका, नायक तिच्यासाठी बस सोडून देतो तो एसटी डेपो, मग सनसेट पॉइंट, आणि शेवटी गावाबाहेरच्या पाड्यावर लग्नाची भिंत. तिला माहीतगार माणूस हवा होता. तिने लिहून आणलेल्या मजकुरात एका राजकन्येचं तारपा वाजवणाऱ्यावर प्रेम होतं. मी विचारलं, ही राजकन्या कोणती? ती म्हणाली, "सर, कोणतीतरी असेलच ना." ते पान मी काढून घेतलं, बाकीचं ठेवलं. निवृत्त माणसाला बोलायला माणसं लागतात, हे मात्र तिला सांगितलं नाही.

मालिकेचं चित्रीकरण मी पाहिलं होतं. भर उन्हाळ्यात नायक-नायिकेला पावसात भिजवायचं होतं, म्हणून टँकर मागवला होता. टँकर दिसल्यावर पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन धावत आल्या. हे पाणी पावसाचं आहे, प्यायचं नाही, असं एका तरुणाने त्यांना समजावून सांगितलं. त्या बायांत आमच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी होत्या. पाऊस पडत होता त्याच्या कडेला हंडा ठेवून त्या उभ्या राहिल्या. नायिकेचं भिजणं तीनदा चुकलं. तेवढ्यात हंडा गळ्यापर्यंत भरला.

लग्नाची भिंत याच मावशींच्या घराची. मालिकेच्या शेवटच्या भागात नायक-नायिका तिच्यासमोर उभे राहून एकमेकांना हार घालतात. भिंतीवर लग्नचौक होता. आमच्याकडे वारल्यांच्या घरी लग्न निघालं की आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि चौकात देवी बसते. मालिकेच्या चौकात देवी नव्हती, नक्षी तेवढी होती, आणि तीही बाहेरच्या भिंतीवर, कारण आत कॅमेरा मावला नाही. मुंबईच्या मुलांनी डब्यातल्या रंगाने तो काढला. ते गेल्यावर मावशींनी भिंत शेणाने सारवून टाकली.

आता सहलीला तो चौक परत हवा होता. ठाण्याच्या मुलीने ते काम माझ्यावर सोपवलं. मला ते सोपं वाटलं. मावशींचा हात मला ठाऊक होता. शाळेच्या भिंतीवरची झाडं, मोर, नाचणारी माणसं त्यांनीच काढलेली. एका सकाळी मी पाड्यावर गेलो. मावशी सुपात नाचणी पाखडत होत्या आणि त्यांचा म्हातारा उन्हात बसला होता. म्हातारा म्हणजे साठीचाही नसेल, पण उमेदीची वर्षं वीटभट्ट्यांवर गेली होती आणि आता चार पावलं चाललं की धाप लागायची.

मी काम सांगितलं. मावशी म्हणाल्या, "झाड काढीन. वाघ काढीन. चौक नाय काढायची."

मला तो विनय वाटला. मी थोडी स्तुती केली.

"तसा नाय गुरुजी. चौक सवासणी काढतात. मी कुठं सवासीण?"

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो तर समोर जिवंत बसला होता.

"आमचा लगीन नाय झाला," मावशी म्हणाल्या.

"तिना माना अजून पसंत नाय केला," म्हातारा म्हणाला आणि हसता हसता खोकत राहिला.

इथे थोडं सांगायला हवं. या डोंगरातल्या पाड्यांवर दोघं एकत्र राहायला लागतात, घर करतात, मुलं होतात. त्याला कोणी नाव ठेवत नाही. लग्न म्हणजे अख्ख्या गावाला जेवण, आणि ते जमेल तेव्हा लागतं, कधी कधी नातवंडांसमोर. इतिहासाच्या शिक्षकाला हे माहीत असायला हवं, आणि मला माहीत होतंच. फक्त ते मी इतर लोकांबद्दल धरून चाललो होतो. मावशींना वीस वर्षं ओळखत होतो. शाळेच्या कागदांवर वीस वर्षं त्यांच्या नावामागे माझ्याच अक्षरात 'सौ.' लिहिलं होतं. त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मावशी सुपावरून नजर न उचलता बोलत होत्या. दर वर्षी लग्नाचं ठरायचं, पण दिवाळीनंतर भट्टीवर जावं लागायचं, आधी दोघांना, शाळेचं काम लागल्यावर एकट्या म्हाताऱ्याला, आणि परत येईपर्यंत लग्नाचे दिवस निघून जायचे. पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात तांदूळ त्याच भिजवायच्या आणि वाटायच्या. पीठ त्यांच्याइतकं मऊ कोणाला जमत नसे. मग ती वाटी उंबऱ्यापर्यंत नेऊन आतल्या बाईच्या हातात द्यायची. आत हात त्या बायांचा चालायचा. "रेघ वाकडी गेली ता माना भायेरून दिसं," त्या म्हणाल्या. "पण बोलायचा कसा?"

आता मुलाची गोष्ट होती. तो भिवंडीला गोदामात कामाला होता. त्यानेही बायको आणली होती, नातू रांगत होता. पण आई-बापाचं लग्न लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही. मावशींना मुलाचा चौक स्वतःच्या हाताने काढायचा होता. त्यासाठी आधी त्यांचं लग्न लागायला हवं होतं, आणि नवरा जिवंत असायला हवा होता. सवासिणीचा हात नवऱ्याच्या श्वासाइतकाच टिकतो. म्हाताऱ्याच्या छातीचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता.

हे सगळं मी ठाण्याच्या मुलीला सांगितलं. ती एकदम म्हणाली, "सर, मग त्यांचं लग्न आपण लावू या ना! शेवटच्या थांब्यावर. खरं लग्न. आलेली सगळी माणसं वऱ्हाडी. जेवणाचं मी बघते."

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो नाही, भाषण दिलं. कोणाच्या आयुष्याचा देखावा करू नये, गरिबाच्या अंगणात कॅमेरे नाचवू नयेत, वगैरे. बोलताना माझं मलाच ते फार बरं वाटत होतं. तिने मान खाली घातली आणि विषय सोडून दिला. मावशींनी भिंतीवर झाडं आणि वरात काढली, मधली चौकोनी जागा रिकामी ठेवली, आणि सहली सुरू झाल्या.

दीड महिन्याने ही गोष्ट मावशींच्या कानावर गेली. एका शनिवारी जोडपी भिंतीसमोर फोटो काढत होती, तेवढ्यात त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"गुरुजी, ती पोर माझा लगीन लावत होती?"

"तसं काही नाही. तिची एक कल्पना होती. मी तिला नाही सांगितलं."

"लगीन कोणाचा?"

मी फोटो काढणाऱ्या जोडप्यांकडे बघू लागलो.

"लगीन माझा आन नाय तुम्ही बोललात? माना लाज वाटंल म्हणून का तुम्हाला?"

"मावशी, ते लोक तमाशा बघायला येतात."

"बघूं दे. लगीन लोकांनी बघायसाठीच असतंय. नायतर आम्ही दोघा हाओच ना घरात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोन महिन्यांमागं तो ओढ्यापर्यंत चालत होता. आता आंगणात बसतो. तुम्ही ते दिवस कुठून देणार?"

आयुष्यभर मी सत्कार, फेटे आणि शालींना हसलो. दुसऱ्याच्या जेवणावळीलाही मी त्याच तराजूत घातलं, आणि त्यात दीड महिना गेला.

पुढचं मावशींनी स्वतः ठरवलं. ठाण्याच्या मुलीला त्यांनी घोंगडीवर बसवलं, काळा चहा दिला आणि सांगितलं की लोक आणा, जेवण होईल. मुलीने वही काढली. तिला शनिवारी चार वाजता लग्न हवं होतं, दहा मिनिटांत बसणारं. तेव्हा धवलेरीला बोलावलं. धवलेरी म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. भटाचं काम आमच्याकडे ती करते. ही खूप म्हातारी होती आणि कानाने कमी.

"दहा मिनिटां?" तिने विचारलं. "दहा मिनिटांत धरतरी पण नाय होत."

तिचं गाणं जमीन झाली तिथून सुरू होतं. मग पाणी, मग झाडं, मग माणूस, आणि मग कुठे नवरा-नवरी. मधलं गाळायचं तर काय गाळणार? आणि दिवस धवलेरी सांगेल तो. तिने मंगळवार सांगितला.

मंगळवारी मुंबईहून कोण येणार? सहलीची नोंदणी केलेल्यांपैकी एकही आलं नाही. ठाण्याची मुलगी मात्र आली. तिच्या पिशवीत कॅमेरा होता, पण हातात वाढपाची बादली दिल्यामुळे तो बाहेर काढायला तिला फुरसत मिळाली नाही. गावाने तांदूळ दिले, कोणी उडीद आणले, शाळेने भांडी दिली. आत बायांनी चौक काढला. मावशी अंगणात हळद लावून बसल्या होत्या आणि दारातून आत डोकावत होत्या.

"रेघ वाकडी गेली," त्या ओरडल्या.

"नवरी, गप बस!" आतून उत्तर आलं आणि सगळे हसले.

धवलेरी सकाळपासून गात होती. म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं. दोघांमध्ये धरलेलं कापड बाजूला झालं तेव्हा कोणीतरी चिडवलं, "बघ रं, नवरी बघ!"

"तीस वरसा बघतूच," म्हातारा म्हणाला. मग त्याने खरंच मान वर करून बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला. खोकला आला तरी मान खाली घातली नाही. मालिकेत या क्षणाला फुलं उधळली होती, वारा सोडला होता. इथे एक कोंबडी मधून गेली आणि तिला कोणी हाकललं नाही.

मुलाचं लग्न वैशाखात लागलं. त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. तांदूळ दुसऱ्या एका बाईने वाटले होते, आणि ती वाटी घेऊन ती आत आली. मावशी आत होत्या. त्यांनी पिठात काडी बुडवली आणि भिंतीवर पहिली रेघ ओढली. पीठ जाडसर राहिलं होतं. त्या ते बोटाने चिरडून पुढे काढत गेल्या. चौकटीला तीन तास लागले. देवी सगळ्यात शेवटी आली. म्हाताऱ्याला उचलून आणून उंबऱ्याशी बसवलं होतं. तो चौकाकडे बघत नव्हता, तिच्या हाताकडे बघत होता.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तो गेला. चिखलातून त्याला न्यायला माणसं कमी पडली, म्हणून मीही खांदा दिला. म्हातारा फार हलका झाला होता.

पावसाळ्यानंतर प्रेमवाट पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ठाण्याच्या मुलीने एकदा विचारलं होतं, की म्हातारा असेपर्यंत मावशींना हक्क होता, तर बाहेरची भिंत त्यांनी का पुरी केली नाही. तेव्हा मी तिच्यासमोरच मावशींना विचारलं. एका बाबतीत तरी शहाणा झालो होतो. मावशी म्हणाल्या, "तिठं कोणाचा लगीन होता?"

परवाच्या शनिवारी एका मुलीने भिंतीसमोर थांबून विचारलं, "काका, मधली जागा रिकामी का आहे? राहून गेलं का?"

तिचा जोडीदार फोन सरळ धरून उभा होता. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पाड्यावर पुढच्या आठवड्यात लग्न होतं, आणि त्यांना पीठ वाटून उंबऱ्यापर्यंत नेऊन द्यायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. उत्तर मी द्यायचं नव्हतं.

"राहून नाय गेला," मावशी म्हणाल्या. "काढून झाला. पोराच्या घरात हाय."

"बघता येईल?"

मावशींनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठल्या. सहलीच्या कागदावर हा थांबा नाही. मुलाचं घर चढावर आहे, त्यांची पावलं आता सावकाश पडतात, आणि मुंबईची बस पाच वाजता निघते. पंधरा माणसं त्यांच्यामागून एका रांगेत चालायला लागली. मी घड्याळाकडे बघितलं नाही.