दोन नळांचे शेजारी

लोकशाहीचे भवितव्य तरुणांच्या हाती आहे, असे मनापासून मानणारा निदान एक माणूस नागावात आहे. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणारे आमचे हे शेजारी बोलताना शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतात आणि दर वाक्यानंतर “पटतंय ना?” असे विचारतात. उत्तरासाठी मात्र थांबत नाहीत.

मागे एका ग्रामसभेला त्यांनी आळीतली कॉलेजची मुले घरोघर फिरून गोळा केली. “गप बसू नका. तुमी न्हाय विचारणार तर कोण विचारणार?”

त्यांच्या समोरच्या घरातली मुलगी उठली. “काका, आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. मग तुमच्या खोल्यांना दोन नळ कसे?”

“शिकवा अजून पोरांना,” मागून कुणीतरी म्हणाले. सभा हसली.

त्यांनी चष्मा पुसला. “बरोबर हाय गो तुझं,” म्हणाले, आणि आपला दुसरा नळ तोडण्याच्या ठरावाला स्वतःच अनुमोदन दिले. दुसऱ्या दिवशी तो तोडायला आलेल्या प्लंबरला चहाही पाजला. हा मोठेपणा होता की नाइलाज, हे मला अजून कळलेले नाही. एकदा विचारले तर म्हणाले, “मलापण न्हाय कळलं. पटतंय ना?”

समोरच्या घरी आता रोज पाणी येते. पुढच्या ग्रामसभेच्या सकाळी ते त्या मुलीला बोलवायला गेले.

“कशाला, काका?” ती म्हणाली. “आता येतंय ना पाणी.”

ती सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली.